मदत हवी आहे: मुलांनीच सुरू केलेला अभ्यासवर्ग पुढच्या मुलांकडे कसा सोपवावा?

नमस्कार मंडळी,

आम्ही काही मित्रमैत्रिणी मिळून संध्याकाळी एक अभ्यासवर्ग चालवतो. घरी अभ्यास घेणारं कुणी नाही अशी तिसरी ते सातवीची मुलं येतात. फी नाही. अडचण अशी की वर्ग सुरू करणारे आम्ही सगळे एकाच वयाचे. यंदा शाळा संपली की बहुतेक जण शिकायला बाहेर पडणार. वर्ग बंद पडू द्यायचा नाही, पण तो सोपवायचा कसा हे कळत नाहीये.

आमच्याकडे एक जाडजूड वही आहे, प्रत्येक मुलाला एक पान. "हातच्याची वजाबाकी जमते, मधे शून्य आलं की अडतो." "मोठ्याने वाचताना जोडाक्षरं गाळते, पण वाचलेलं नीट सांगते." ज्याची पाळी असेल तो आधी पान वाचतो, मगच मुलाजवळ बसतो. पण बरीचशी माहिती वहीत नाहीच. कुणाला चारचौघांत चूक दाखवली की तो दुसऱ्या दिवशी येत नाही, कुणाच्या घरचा निरोप आजीकडेच द्यावा लागतो. यातलं काही तर वहीत लिहूही नये असं वाटतं, वही सगळ्यांच्या हातात जाते.

मुलांनी उभ्या केलेल्या कामांबद्दल शोधलं तर सुरुवातीच्याच गोष्टी जास्त मिळतात. कॅनडातल्या रायन ह्रेलजॅकने १९९८ मध्ये, सहा वर्षांचा असताना, विहिरीसाठी घरकाम करून पैसे साठवायला घेतले. १९९९ मध्ये युगांडातल्या एका शाळेजवळ विहीर झाली आणि २००१ मध्ये संस्थाही. वाचून हुरूप येतो, पण त्याच्या पाठीशी मोठी माणसं भक्कम उभी होती. आम्हाला पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबादचा बाबर अली जास्त जवळचा वाटतो. २००२ मध्ये, नऊ वर्षांचा असताना, तो शाळेतून आल्यावर घराच्या अंगणात इतर मुलांना शिकवू लागला. पुढे त्याची रीतसर शाळा झाली आणि तिथे शिकलेल्यांपैकीच काही जण तिथे शिकवायला लागले. आम्हाला नेमकं हेच हवंय. फरक एवढाच की तो तिथेच राहिला, आम्ही जाणार.

सातवीतली दोघं-तिघं तयार आहेत. इतक्या लहान मुलांवर ही जबाबदारी टाकावी का? टाकली तर कुठून सुरुवात करावी? आणखी एक: एका गृहस्थांना मोठी रक्कम द्यायची आहे. आजवर आम्ही वह्या-पेन्सिलीच घेतल्या, रोख नाही. संस्था नोंदवावी का?

प्रतिसाद
आधी पैशांचं. तुम्ही सगळे अठरा वर्षांखालचे असाल तर नोंदणीच्या कागदांवर आणि संस्थेच्या बँक खात्यावर सह्या मोठ्यांच्याच असणार, म्हणजे वर्ग कुणाचा हा प्रश्न उद्या उभा राहणार. घाई नको. एखादं वाचनालय किंवा चालू संस्था वर्गाला आपल्या छत्राखाली घेते का ते पाहा. त्या गृहस्थांनी देणगी तिकडे द्यावी, पावती तिकडची. कुणाच्याही स्वतःच्या खात्यात रक्कम घेऊ नका, अगदी दोन दिवसांसाठीही.
सातवीच्या मुलांना आताच एकेक विषय द्या, तोही तिसरीच्या मुलांपुरताच. तुम्ही मागे बसा, मधे बोलू नका. मग एक आठवडा येऊच नका. काय अडलं ते त्यांनाच वहीत लिहू दे. तुम्हाला सुचणार नाहीत असे प्रश्न त्यात निघतील.

प्रतिसाद
वरच्या मताशी सहमत, पण मुलं एकटी नकोत. वर्गाच्या वेळी एक विश्वासाचं मोठं माणूस हजर हवंच, दार उघडं हवं. घरच्या खाजगी गोष्टी वहीऐवजी त्या माणसाच्या कानावर घालून ठेवा.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. एक आठवडा न येण्याचं आम्हाला सुचलंच नव्हतं, परीक्षेआधी करून बघतो. मोठं माणूस म्हणून एका मुलीची आजी रोज बाहेर बसायला तयार आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, पण सगळी मुलं त्यांचं ऐकतात. एवढं पुरेल का, की शिकलेलं कुणी सोबत असायलाच हवं?