मदत हवी आहे: न बोलावलेल्या तज्ज्ञांच्या व्हिजिट आणि मेडिक्लेमने निम्मं कापलेलं बिल

नमस्कार मंडळी,

हॉस्पिटलची बिलं आणि मेडिक्लेम यातलं कुणी जाणकार असेल तर कृपया सविस्तर सांगा.

माझ्या सासूबाई (वय ७१) बाथरूममध्ये घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. नाशिकमधल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन झालं. सर्जननी काम चोख केलंय, सासूबाई वॉकर घेऊन घरात चालायला लागल्यात. त्याबद्दल तक्रार नाही.

एकूण बिल २,८४,००० रुपये. त्यात औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या मिळून १,१०,०००. बाकी सगळं रूम, ओटी, सर्जन, भूलतज्ज्ञ आणि व्हिजिट. पॉलिसी ३ लाखांची, रूमभाड्याला दिवसाला ३,००० ची मर्यादा. भरती करताना शेअरिंग रूम शिल्लक नव्हती, ६,००० ची सिंगल घ्यावी लागली. टीपीएने (विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारी संस्था) ग्लोव्हज, फाइल चार्जेस वगैरेचे ४,००० बाजूला काढले आणि रूम दुप्पट भाड्याची म्हणून उरलेलं अख्खं बिल निम्मं केलं. मंजूर झाले १,४०,०००. आम्ही काउंटरवर १,४४,००० भरले तेव्हा कुठे गेटपास मिळाला. सासऱ्यांची एफडी मोडावी लागली.

आता बिल ओळ न् ओळ वाचतेय. ‘क्रॉस कन्सल्टेशन’खाली चार वेगवेगळे तज्ज्ञ आहेत. सासूबाईंना बीपी आहे, त्यामुळे ऑपरेशनआधी हृदयरोगतज्ज्ञांनी तपासणं पटतं. पण मधुमेह नसताना डायबेटॉलॉजिस्टची व्हिजिट रोज कशाला? न्यूरोफिजिशियनच्या वेळी तर मी खोलीतच होते. दारातूनच ‘‘काय आजी, बरं आहे ना?’’ म्हणाले आणि पुढे गेले, फाइल उघडलीसुद्धा नाही. त्याचे २,००० लागलेत. दुसऱ्या दिवशी फॉलोअप म्हणून पुन्हा २,०००, त्या दिवशी तर कुणी फिरकलंच नाही. यातल्या कुणालाही बोलावताना आम्हाला विचारलं नव्हतं. बिलिंगमधल्या मुलीकडून कळलं की जनरल वॉर्डात हीच व्हिजिट ८०० ला पडते. डॉक्टर तेच, तपासणी तीच, मग खोली बदलली की फी का बदलते? मला याचा खरंच संताप येतोय.

पैसे भरून झालेत. आता हॉस्पिटलकडून काही परत मिळतं का? आणि विमा कंपनीशी भांडायचं तर कुठून सुरुवात करू?

प्रतिसाद १

ताई, आधी विम्याचं बघा, तिथे तुमची बाजू भक्कम आहे. रूमभाडं मर्यादेबाहेर गेलं की त्या प्रमाणात कपात करता येते, हे खरं. पण २०२० मध्ये आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी नियामकाने, नियम घालून दिलेत. औषधं, कन्झ्युमेबल्स (सिरिंज, बँडेज असं एकदा वापरून टाकायचं सामान), इम्प्लांट आणि तपासण्या यांवर ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही. आयसीयूच्या खर्चावरही नाही. तुमच्या आकड्यांवरूनच १,१०,००० चे निम्मे, म्हणजे ५५,००० च्या आसपास चुकीचे कापलेत. शिवाय ज्या खर्चाचा दर रूमप्रमाणे बदलत नाही, त्यावरही कपात चालत नाही. तेव्हा हॉस्पिटलकडून रूमनिहाय दरपत्रक मागून घ्या.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा, टीपीएच्या कॉल सेंटरवर वेळ घालवू नका. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. नाशिकसाठी पुण्याचं कार्यालय. फी नाही, वकील लागत नाही.

प्रतिसाद २

हॉस्पिटलबद्दल लिहितो. खासगी तज्ज्ञाने किती फी घ्यावी यावर आपल्याकडे कायद्याची मर्यादा नाही, त्यामुळे ‘फी जास्त आहे’ म्हणून भांडून हाती काही लागत नाही. ‘न दिलेल्या सेवेचे पैसे घेतले’ असं लेखी मांडा. त्यासाठी इनडोअर केसपेपरची, म्हणजे भरती असतानाच्या उपचारांच्या नोंदींची, पूर्ण प्रत हवी. मागणी केल्यापासून ७२ तासांत ती द्यावी लागते. तज्ज्ञ खरंच येऊन गेले असतील तर त्या तारखेला त्यांची नोंद आणि सही असणार. नसेल, तर ती ओळ बिलात कशी आली याचं उत्तर त्यांना द्यावंच लागेल. कुणी बोलावलं, कशासाठी, हेही तिथेच दिसेल. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.

राज्याच्या नर्सिंग होम नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. रुग्ण हक्क सनद आणि मुख्य सेवांचे दर दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. नसतील तर फोटो काढा आणि महापालिकेच्या वैद्यकीय विभागाकडे तक्रार द्या. भरलेल्या पैशांसाठी ग्राहक आयोगही खुला आहे.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. ५५,००० चा आकडा वाचून सासरे कितीतरी दिवसांनी नीट जेवले. केसपेपरचा अर्ज लिहिलाय, उद्या सकाळी देऊन पोच घेते. एकच शंका: पॉलिसी मिस्टरांच्या नावावर आहे, पेशंट सासूबाई. केसपेपरच्या अर्जावर सही कुणाची हवी? त्यांना अजून रिक्षात चढता येत नाही, मी एकटी गेले तर चालेल का?