प्राथमिक शाळा चांगली आहे (किंवा नाही) हे तुम्हाला कशावरून कळलं? अनुभव लिहा

इमारत, गणवेश, स्नेहसंमेलन हे बाहेरून दिसतंच. वर्गात काय चालतं आणि आपल्या मुलाकडे कुणाचं लक्ष आहे का, हे मात्र मूल शाळेत रुळल्यावरच उमगतं. तुम्हाला कशातून उमगलं? बरं-वाईट दोन्ही लिहा. शाळेचं नाव नको.

सुरुवात मी करते. मी वह्या बघते. लेकीच्या आधीच्या शाळेत पानोपानी लाल खूण आणि सही असायची. ‘दिवा’ सगळीकडे ‘दीवा’ लिहिलेला, तरी खूण बरोबरचीच! आताच्या बाई कमी पानं तपासतात, पण चुकलेल्या बेरजेशेजारी ‘हातचा कुठे गेला?’ असं लिहितात. लेक वैतागते, आणि मग गणित पुन्हा मांडते.

पहिलीतल्या मुलाची आई

माझा अनुभव स्वच्छतागृहाचा आहे, नाक मुरडू नका. मुलाची पाण्याची बाटली रोज भरलेलीच घरी यायची. मला वाटलं, खेळण्याच्या नादात विसरत असेल. मग पोट दुखायला लागलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “शाळेत शी-शूला जातो का?” जात नव्हता. दाराला कडी नाही, ओली फरशी, आणि तासाला परवानगी मागितली की “मधल्या सुट्टीत काय करत होतास?” शी दाबून ठेवली की ती कडक होते, मग दुखते, दुखते म्हणून मूल आणखी दाबतं. पाणी कमी पिऊन लघवी धरून ठेवली की संसर्गाचीही भीती. डॉक्टरांनी हे समजावलं तेव्हा कुठे ती भरलेली बाटली मला नीट कळली. मुख्याध्यापकांना भेटले तर म्हणाले, “घरून सवय लावा.” आम्ही काही पालक एकत्र गेलो तेव्हा कडी बसली. परवानगीचं अजून बाईंच्या मूडवर आहे. नवीन शाळा बघायला जाल तेव्हा संगणक कक्षाच्या आधी हे बघा.

तिसरीतल्या मुलाचे बाबा

आमच्याकडे उलट. सरांनी बोलावलं, मी तक्रार ऐकायच्या तयारीत गेलो. ते म्हणाले, “हा फळ्यावरचं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतो. बोलून विचारलं की सगळं येतं. डोळे तपासून घ्या.” चष्मा लागला, नंबरही बराच निघाला. मुलाने कधी कुरकुर केली नव्हती. कशी करणार? सगळ्यांना फळा असाच धूसर दिसतो, अशी त्याची समजूत. भरलेल्या वर्गात सरांनी हे हेरलं. निकालाच्या टक्केवारीत याला रकाना नाही.

शाळा बदललेली आई

गृहपाठ राहिला म्हणून मुलीला दुसऱ्या वर्गात नेऊन सगळ्यांसमोर उभं केलं. मारलं नाही, हेच त्यांचं समर्थन. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात शाळेतली शिस्त मुलाच्या प्रतिष्ठेला साजेशी हवी असं कलम २८ मध्ये लिहिलेलं आहे. ते छापून नेलं होतं. कुणी वाचलं नाही. दाखला काढला.

निवृत्त शिक्षिका

मी वर्गात कान देऊन ऐकायला सांगेन. प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ थांबतात? मेरी बड रो या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९७० च्या दशकात हे मोजलं होतं. बहुतेक शिक्षक जेमतेम १ सेकंद थांबत. तेच ३ सेकंद थांबले की उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होतं, आणि ‘मंद’ समजलेली मुलंही बोलू लागतात. मी मनात एक-दोन-तीन मोजायचे. सुरुवातीला ती शांतता फार अवघड वाटते. पहिल्या बाकावरचे हात तर वर जाऊन जाऊन दुखतात बिचाऱ्यांचे.

आजोबा

नातीला आणायला मीच जातो. फाटकावरच्या बाई मला ओळखतात, तरी रोज ओळखपत्र मागतात. आधी राग यायचा. एकदा ते घरी राहिलं, तर सुनेला फोन करून खात्री केल्यावरच नात हातात दिली. आता राग येत नाही.

दुसरीतल्या मुलीची आई

थोडा विरोधी सूर लावते. आमची शाळा मायाळू. बाई मुलांना जवळ घेतात, लेक हसत जाते. पण दुसरी संपत आली तरी तिला वाचता येत नाही, आणि हे आमच्याच लक्षात आलं, शाळेच्या नाही. पुस्तकातले धडे खडखडा म्हणते. तीच वाक्यं वेगळ्या कागदावर उलटसुलट लिहून दिली की अडकते. बाई म्हणतात, “येईल हो, घाई कशाला?” एवढ्या चांगल्या बाईंशी वाद घालायलाही जीवावर येतं. काय करू?

निवृत्त शिक्षिका

ताई, ती धडे पाठ म्हणतेय. चित्रं झाका आणि अर्थ नसलेले शब्द वाचायला द्या: मटाळू, किरोप, सुबेगी. ज्याला अक्षर-मात्रा जुळवता येतात ते मूल हेही वाचतं. पाठांतर करणारं अंदाजाने ओळखीचा शब्द सांगतं. कुठल्या मात्रेवर अडते ते लिहून ठेवा. वेलांटी-उकारावर अडत असेल तर जोडाक्षरांकडे आत्ता वळूच नका. तो कागद घेऊन बाईंना भेटा. “वाचता येत नाही” म्हटलं की “येईल हो” ऐकू येतं. “काना येतो, मात्रा येत नाही” म्हटलं की पुढचा तास ठरवता येतो. तरीही त्या “घाई कशाला” म्हणाल्या तर मुख्याध्यापकांकडे जा, आणि कागद बरोबर न्या.