छोट्या चाचण्या घेऊनही मुलं स्वतःहून अभ्यासाला लागत नाहीत, काय बदलावं?

शुक्रवार_चाचणी
सातवीचं गणित. दर शुक्रवारी दहा गुणांची चाचणी, सोमवारी तपासलेले कागद परत. मुलं आपले गुण बघतात, शेजारच्याचे बघतात आणि कागद दप्तरात कोंबतात. पुढच्या वेळी त्याच चुका. आकारिक मूल्यमापनातून, म्हणजे शिकत असतानाच काय येतं-काय नाही हे बघण्यातून, मुलाने आपला अभ्यास आपण ठरवावा, ही अपेक्षा प्रत्यक्षात कशी आणायची? पट चाळीसचा आहे, त्यामुळे 'रोज वह्या तपासा' हा सल्ला कृपया नको.

पाटीपेन्सिल
आधी कागदावरचे गुण काढा. संशोधक रूथ बटलर यांचा १९८८चा प्रयोग याच मुद्द्यावर आहे: नुसता शेरा मिळालेली मुलं सुधारली, शेरा आणि गुण दोन्ही मिळालेल्यांना तो फायदा झाला नाही. गुण दिसला की शेरा कोण वाचतो? नोंदीसाठी हवेच असतील तर आपल्या वहीत ठेवा.

प्रश्न पाचच द्या: तीन या आठवड्याचे, एक मागच्या आठवड्याचा, एक महिन्यापूर्वीचा. वेळ १० मिनिटं. प्रत्येक उत्तरापुढे मुलाने 'पक्कं' किंवा 'अंदाज' लिहायचं. लगेच फळ्यावर उत्तरं, आणि वेगळ्या रंगाच्या पेनाने ज्याचं त्याने तपासायचं. सोमवारपर्यंत थांबलात तर आपण काय विचार केला होता हेच मूल विसरतं.

'पक्कं' लिहून चुकलेलं उत्तर सगळ्यात मोलाचं. तो भाग मूल घरी उघडणारच नाही, कारण त्याच्या मते तो येतो. अंदाजाने बरोबर आलेलं मात्र चुकांतच धरायचं.

दशांशचिन्ह
यात प्रश्नाच्या निवडीचा मुद्दा राहिला. '०.४ आणि ०.३५ यांत मोठी संख्या कोणती?' ०.३५ म्हणणारं मूल ४ आणि ३५ची तुलना करतंय, हे उघड आहे. पण ०.४ म्हणणाऱ्यांतही काही जण 'अंक कमी म्हणजे संख्या मोठी' असा भलताच नियम लावून बरोबर उत्तरावर पोचतात. म्हणून जोडीला ०.६ आणि ०.७३ द्या. पहिल्या गटाचं इथे बरोबर येतं आणि दुसरा गट सापडतो. एकाच प्रश्नावर दोन्ही पकडता येत नाहीत.

चुकीचं कारणही मुलानेच लिहायचं: समजलंच नव्हतं, आठवलं नाही, प्रश्न नीट वाचला नाही, आकडेमोड चुकली. यात एक घोळ ठरलेला: जो तो 'घाईत चुकलं' म्हणून मोकळा होतो. त्यावर उपाय सोपा. आकडे बदलून तेच गणित तिथल्या तिथे, वही न उघडता सोडवायला सांगा. सुटलं तर घाई खरी, नाहीतर कारण बदलायचं.

'समजलंच नव्हतं' असेल तर एक सोडवलेलं उदाहरण घेऊन प्रत्येक पायरीपुढे 'हे का केलं' ते लिहायचं. 'आठवलं नाही' असेल तर पुस्तक मिटून आठवायचं. पुन्हापुन्हा वाचल्याने येत असल्याचा भास तेवढा होतो. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून बघणारे.

शुक्रवार_चाचणी
गुण नसले तर मुलं मनावर घेतील? आणि एवढं सगळं एका तासात बसतं का?

पाटीपेन्सिल
बसतं. १० मिनिटं चाचणी, ५ तपासणी, १५ दुरुस्ती. दुरुस्ती वर्गातच, घरी दिलीत की फळ्यावरचं उत्तर सुवाच्य अक्षरात उतरून येतं. चाचणी बुधवारी घ्या, म्हणजे शुक्रवारी त्याच धर्तीचा नवा प्रश्न देता येतो. आपली दुरुस्ती उपयोगी पडली का हे मुलाला तिथे दिसतं, आणि मनावर घ्यायला ते पुरेसं असतं. चाळीस कागद तुम्ही पूर्ण वाचायचे नाहीत, फक्त 'पक्कं' लिहून चुकलेल्या ओळी चाळायच्या. एकच चूक बऱ्याच जणांची असेल तर ते पुन्हा शिकवणं तुमच्याकडे आलं, मुलांकडे नाही.

कोरा_कागद
एक धोका सांगतो. कारणांचे तक्ते सुरू झाले की तक्ता भरणं हाच अभ्यास होऊन बसतो. एका चाचणीला एकच चूक, दोन ओळी, बस्स. आणि निवड एकदम मुलांवर सोपवू नका. पहिले तीन-चार आठवडे कोणती चूक घ्यायची ते तुम्ही सांगा, मग दोनांतली एक निवडू द्या, मगच पूर्ण मोकळीक. तेव्हाही कच्ची मुलं सगळ्यात सोपी चूक उचलतात. त्यांच्यासाठी एकच अट: 'पक्कं' लिहून चुकलेलं असेल तर ते आधी.