बदलत्या प्रदर्शनांच्या दालनासाठी कमी विजेची यंत्रणा कशी असावी?

प्रश्न : खानापूरकर
आमच्या संस्थेला खानापूर येथे एका जुन्या कौलारू इमारतीतील मोठे दालन मिळाले आहे. तेथे दर तीन-चार महिन्यांनी मांडणी बदलेल. कधी खानापूरची मातीची भांडी, कधी मोडी कागदपत्रे आणि जुनी लुगडी, तर कधी लोखंडी शस्त्रे. सल्लागारांनी संपूर्ण दालन वर्षभर २२ अंशांवर ठेवणारे वातानुकूलन सुचवले असून त्याचे वीजबिल आम्हांस झेपणारे नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : यंत्र अभियंता, टिळकवाडी
आपल्याकडे उन्हाळ्यापेक्षा पावसाळाच वस्तूंच्या मुळावर येतो. सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की कागदाला व कापडाला बुरशी धरते. साध्या एसीने हे साधत नाही, कारण ठरलेले तापमान गाठताच कॉम्प्रेसर थांबतो, पंखा मात्र फिरत राहतो आणि कॉइलवरचे पाणी पुन्हा हवेत मिसळते. जुलैत खोली गार होते, पण ओलसरच राहते. म्हणून आर्द्रताशोषक यंत्र स्वतंत्र घ्यावे. २२ अंशांचा हट्टही सोडावा. अनेक मोठ्या संग्रहालयांनी मान्य केलेल्या बिझो संकेतांनुसार बहुतेक वस्तूंना १६ ते २५ अंश तापमान व ४० ते ६० टक्के आर्द्रता चालते, मात्र चढउतार सावकाश हवेत. त्याआधी कौलांखाली उष्णतारोधक थर देऊन फटी बुजवाव्यात, अन्यथा ते यंत्र साऱ्या गल्लीची हवा सुकवत बसेल.

उत्तर : वस्तुसंवर्धक
वरील मताशी सहमत आहे. तथापि दालनापेक्षा पेटीचा विचार आधी व्हावा. भाजलेल्या भांड्यांना सहसा विशेष काही लागत नाही. गंजू लागलेल्या लोखंडाला शक्य तितकी कोरडी हवा हवी, आणि ती घट्ट बंद काचपेटीत सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) ठेवून विजेविना मिळते. पेटीत उघडे प्लायवूड वापरू नये, त्यातील आम्लयुक्त वाफा शिशाच्या वस्तू खातात. कागद व कापडावर ५० लक्सहून अधिक प्रकाश नको, म्हणजे दिव्यांची उष्णताही आपोआप घटते.

उत्तर : यंत्र अभियंता, टिळकवाडी
मांडणी बदलते म्हणून छतावर समान चौकटी आखाव्यात. प्रत्येक चौकटीला स्वतःचे हवेचे तोंड, झडप, संवेदक आणि एलईडी दिव्यांची पट्टी असावी. फिरत्या भिंती याच रेषांवर उभ्या कराव्यात आणि त्यांचा माथा छतापासून खाली ठेवावा, म्हणजे हवा कोंडत नाही. बाहेरची ताजी हवा कार्बन डायऑक्साइडच्या मोजमापानुसार, म्हणजे आतील माणसांच्या गर्दीप्रमाणे लागेल तेवढीच घ्यावी, कारण पावसाळ्यात ओलावा मुख्यतः तिच्याबरोबरच येतो. पंख्यांना वेग-नियंत्रक हवाच : वेग २० टक्क्यांनी कमी केला की वीज जवळजवळ निम्मी लागते.

खानापूरकर
आभारी आहे. रात्री यंत्रणा बंद ठेवली तर चालेल का?

उत्तर : वस्तुसंवर्धक
शीतकरण बंद ठेवावे, बाहेरच्या हवेची झडपही मिटावी. आर्द्रताशोषक मात्र आर्द्रतेच्या स्वयंचलित स्विचवर चालू राहू द्यावे.