द्राक्ष बागेच्या फवारणीचं ॲप, लायसन्स कोणतं लावू?

निफाडकर: मंडळी, आमच्याकडच्या बागायतदारांसाठी छोटं वेब ॲप लिहिलंय, छाटणीची तारीख टाकली की कुठली फवारणी झाली, डोस किती, पीएचआयचे (फवारणीनंतर काढणीआधी थांबायचे) दिवस किती उरले सगळं एका पानावर दिसतं. कोड खुला करायचाय, लायसन्स एमआयटी लावू की जीपीएल? उद्या एखादा औषधवाला यात स्वतःचीच औषधं घुसवून चालवेल ही भीती आहे.

सिडकोवाला: एमआयटी लाव नि मोकळा हो भाऊ. कॉपीराइटची ओळ नि लायसन्सचा मजकूर ठेवला की झालं, म्हणून तर लोक बिनधास्त वापरतात. जीपीएल म्हटलं की बऱ्याच कंपन्या हातच लावत नाहीत.

गोदाकाठ: मला नाही पटत, शेतकऱ्याला आपल्या ॲपमध्ये काय चाललंय ते बघता आलंच पाहिजे. जीपीएलमध्ये विकायला बंदी नाही, पण प्रोग्राम दिला तर सोर्सही (मूळ कोड) द्यावा लागतो. मात्र तुझं सर्व्हरवर चालणार, तिथे प्रोग्राम कुणाच्या हातात दिला जात नाही, म्हणून साधी जीपीएल पुरत नाही, ती फट एजीपीएल बुजवते (तिसरी आवृत्ती २००७ ची), बदल करून नेटवर्कवर चालवलं की वापरणाऱ्यांना सोर्स द्यायचाच. रेडिस या डेटाबेसने मार्च २०२४ मध्ये बीएसडी (एमआयटीसारखंच मोकळं लायसन्स) सोडलं, लगेच जुन्या कोडवरून व्हाल्की हा वेगळा फाटा (फोर्क) निघाला, नि २०२५ मध्ये रेडिसनेच एजीपीएलचा पर्याय दिला.

निफाडकर: मग एजीपीएलच. पुढे बदलता येईल ना?

गोदाकाठ: एकट्याचा कोड असेपर्यंत हो. बाकीच्यांचे पॅच (त्यांनी लिहिलेले बदल) आले की त्या प्रत्येकाची संमती लागते, म्हणून रेपो (कोडचं कोठार) सगळ्यांना उघडायच्या आधीच ठरव.