अनुभव धागा: पोरांनी मिळून केलेलं मिश्र माध्यमाचं पॅनल, काय टिकतं, काय गळतं

पंचकार्ड
भंगाराच्या गाड्यावर जॅकार्ड मागाच्या जुन्या पंचकार्डांची (नक्षीसाठी भोकं पाडलेले पुठ्ठे) माळ दिसली आणि कॉलेजातलं कलादालन आठवलं. आता भाचीच्या टीमला तसंच पॅनल प्रदर्शनासाठी करायचंय. चादरीचे तुकडे, सूत, पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस), पंचकार्ड, मागून दिवे. जाणकारांनी लिहा. गोष्टी नकोत, मापं सांगा.

सुरुवात माझ्याकडून. ८×४ फुटांचं अख्खं प्लाय घेऊ नका. १२ मिमीचं असलं तर नुसतंच २० किलोच्या वर जातं, त्यावर पीओपी चढल्यावर जिन्याच्या वळणावर अडकतंच. सुताराकडूनच २×४ चे चार तुकडे करून घ्या. मागे नंबर आणि वरच्या दिशेचा बाण, दोन्ही पहिल्याच दिवशी.

कांडी_बॉबिन
चार तुकडे ठीक, पण जोड कुठे येतात ते आधी बघा. चेहरा किंवा अक्षर जोडावर आलं की संपलं. जुनी वर्तमानपत्रं चिकटवून पूर्ण मापाचा आराखडा जमिनीवर पसरा, जोडाच्या रेघा लाल मारा, मग चित्र काढा. सूत एका पॅनलवरून दुसऱ्यावर जात असेल तर दोन्हीकडे वीतभर शेपूट मोकळं ठेवा, गाठ जागेवर गेल्यावर मारायची.

आणि सूत ताणून मग त्यावर फेविकॉल फासू नका. ओलं झालं की सुती धागा आखडतो, ६ मिमीचं प्लाय धनुष्यासारखं वाकतं. आधी पातळ फेविकॉलमधून काढा, निथळवा, मग सैल हाताने बसवा.

अर्धा_कप
प्लाय वाकायचं दुसरं कारण म्हणजे एकाच बाजूला रंग. पुढे जेवढे हात प्रायमरचे, तेवढे मागे. मागची बाजू कुणाला दिसत नाही म्हणून पोरं सोडतात.

गड्ड्यावरची_चक्री
विषय काय घेतलाय? 😀 सोलापुरात दरवर्षी स्वातंत्र्यलढ्यातले चार हुतात्मे नाहीतर सिद्धेश्वर तळं.

पंचकार्ड
चार हुतात्मेच 🙈

भुईकोट
मग पाटीवरची नावं दोन जणांकडून तपासून घ्या. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. फाशी १२ जानेवारी १९३१, येरवडा. सोलापुरातला मार्शल लॉ त्याच्या आधीच्या वर्षीचा, १९३०. दोन्ही सालं एकात घुसडलेली पाटी दिसतेच दिसते, आणि बघणारे आजोबा ती पहिल्यांदा वाचतात.

पाटी चित्राच्या उजवीकडे खाली, अक्षर २४ पॉइंटच्या खाली नको. पॅनलचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंमीवर. शाळेची पोरं येणार असतील तर वीतभर खाली घ्या.

मिरची_ठेचा
पीओपी कसं लावतात प्लायला? पडतंय सगळं.

कांडी_बॉबिन
गुळगुळीत प्लायवर पडणारच. पाणी मिसळलेल्या फेविकॉलचा एक हात द्या, नाहीतर प्लाय पीओपीतलं पाणी ओढून घेतं. मग दोन-दोन इंचांवर स्क्रू अर्धे बाहेर ठेवून मारा, त्यांना तार गुंडाळा. स्क्रू आणि तार गॅल्व्हनाइज्डच, साध्या लोखंडाचा गंज पांढऱ्यातून वर येतो आणि रंगाखालूनही दिसतो.

कालवताना पाण्यात पीओपी भुरभुरवायचं, पीओपीत पाणी नाही. मापाने दोन वाट्या पीओपीला एक वाटी पाणी. दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होतं, म्हणून एकदम बादलीभर कालवू नका. घट्ट व्हायला लागल्यावर पाणी घालून ढवळलं की भुसभुशीतच होणार. उरलेलं बेसिनमध्ये ओतू नका ओ, पाइप कायमचा बुजतो.

निवांत_होटगी
बेसिनचं लिहिलंत हे बरं केलंत. शिपाई मामांचे शाप लागतात.

अर्धा_कप
उठाव हवा आणि वजन नको असेल तर थर्माकोल. पण त्यावर रबर सोल्युशन, स्प्रे पेंट चालत नाही, खाऊन टाकतं. फेविकॉलनेच चिकटवा, वर जुन्या वर्तमानपत्राचे दोन थर, मग ॲक्रिलिक. ऑइल रंग वापरणारा टीममध्ये कुणी असेल तर त्याचा नंबर शेवटी. ॲक्रिलिकवर ऑइल चालतं, ऑइलवर ॲक्रिलिक सोलून निघतं. भांडणं इथेच होतात, कारण दोघांनाही आपलं आधी करायचं असतं. कुठला थर कधी, हा कागद भिंतीवर लावून टाका.

सुतळी_बॉम्ब
हॉट ग्लू चालेल का? पटकन होतं.

कांडी_बॉबिन
तात्पुरतं धरायला. सोलापूरच्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली तो नरम पडतो, जड वस्तू घसरत खाली येते. गोंद फेविकॉलच, वर विटा ठेवून रात्रभर.

मिरची_ठेचा
आम्हाला ज्वारीचे दाणे पण लावायचेत, मालदांडी.

गड्ड्यावरची_चक्री
उंदरांसाठी खास प्रदर्शन का?

अर्धा_कप
😂 चेष्टा नाही, किडे पण होतात. दाण्याऐवजी कडब्याच्या कांड्या वापरा, कडक उन्हात वाळवून, उभ्या चिरून, दोन्ही बाजूंनी वॉर्निश. दाणे हवेच असतील तर बंद काचेच्या चौकटीत.

निवांत_होटगी
मालदांडी म्हटल्यावर कडक भाकरी आणि शेंगाचटणी आठवली. धागा भरकटवतोय, माफ करा. कामाला आलेल्या पोरांना दुपारी तेच द्या, ताटं धुवायला लागत नाहीत.

भुईकोट
आणि चटणीचे हात कॅनव्हासला 😐

वायरमन_अण्णा
मागच्या दिव्यांचं कुणी लिहिलं नाही. १२ व्होल्टची ५०५० एलईडी पट्टी, मीटरला ६० दिवे, तर ५ मीटरला साधारण ७२ वॅट, म्हणजे ६ अँपिअर. ५ चा ॲडॉप्टर लावतात आणि तो तापून बंद पडतो. १० चा घ्या. पट्टीला वीज दोन्ही टोकांकडून द्या, नाहीतर शेवटचा मीटर मंद.

पट्टी थेट चादरीवर किंवा थर्माकोलवर नको, ॲल्युमिनियमच्या पट्टीवर चिकटवा. पंचकार्डापासून तीन-चार इंच मागे, मध्ये बटर पेपर. बटर पेपर नसेल तर भोकांतून उजेडाऐवजी दिव्यांचे ठिपके दिसतात. ॲडॉप्टर पॅनलच्या बाहेर, हवेशीर. सुताची पिंजण त्याच्यावर साचू देऊ नका.

पंचकार्ड
अण्णा, सोनं दिलंत. कार्डं तेलकट आहेत, रंग धरत नाहीत.

कांडी_बॉबिन
मागाचं तेल असतं ते. रंगवताच कशाला, तशीच छान दिसतात. माळ मात्र सोडू नका, मूळ क्रमाने ओवलेली आहेत तोवर नक्षी आहे, सुटली की नुसता पुठ्ठा.

सुतळी_बॉम्ब
चादरीच्या कापलेल्या कडा उसवतायत.

अर्धा_कप
कापायच्या आधी रेघेवर बोटभर फेविकॉल फासून वाळू द्या, मग कात्री. किंवा कडेला दोर लावून टाका. पिकासोने १९१२ मध्ये वेताच्या विणीचं छापील मेणकापड चित्रावर चिकटवलं आणि अंडाकृती चित्राला चौकट म्हणून दोरच गुंडाळला. आपल्याकडे सुतळीला काय तोटा. कापड आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा, लाल रंग सुटत असेल तर पीओपीशेजारी नकोच.

मिरची_ठेचा
हॉलमध्ये भिंतीला खिळा मारू देत नाहीत.

भुईकोट
लाकडी रिपांची (पट्ट्यांची) ए आकाराची घोडी करा, खालच्या आडव्या रिपेवर विटा. पॅनल टांगायला तारच घ्या; सुतळी ताणली जाते आणि सकाळी चित्र तिरकं. आदल्या रात्री दुप्पट वजन लटकवून ठेवा.

पंचकार्ड
न्यायचं कशातून? छोटा हत्ती सांगितलाय.

कांडी_बॉबिन
पुरेल. पॅनल उभे लावा, आडवी चळत नको. प्रत्येकाच्या चार कोपऱ्यांना रिपेचे तुकडे स्क्रूने लावा, सगळ्यात वर आलेल्या पीओपीपेक्षा बोटभर उंच. सोबत डबा: तयार केलेले रंग बाटलीत, थोडं सूत, सँडपेपर, फेविक्विक, टेस्टर, एक्स्टेन्शन बोर्ड.

वायरमन_अण्णा
बोर्ड दोन न्या. एक कुणीतरी मोबाइल चार्जिंगला पळवतंच.