आर : फॉर लूपमधलं आउटपुट स्क्रीनवर येत नाही, मदत हवी आहे

प्रश्न
विंडोजवर आर स्टुडिओ (आर या आकडेमोडीच्या प्रोग्रॅमिंग भाषेचा एडिटर) वापरतोय. तालुकावार पावसाची डेटा फ्रेम (ओळी-कॉलमांचा तक्ता) आहे, तालुक्याचं नाव हा कॉलम फॅक्टर (ठरावीक गटांची नावं ठेवणारा प्रकार) आहे. प्रत्येक तालुक्याची सरासरी आणि जीजीप्लॉटचा (आलेख काढणारं पॅकेज) आलेख फॉर लूपमध्ये (तीच कृती पुन्हा पुन्हा करणारा कोड) काढायचाय. एकेक ओळ कंट्रोल-एंटरने चालवली की सगळं दिसतं. लूप चालवला की कन्सोल (आउटपुट दिसणारी खिडकी) कोरा, आलेख नाही, एररही नाही. छापायला प्रिंट हे फंक्शन वापरू की कॅट? (कोडमधले शब्द उच्चाराप्रमाणे लिहिलेत.)

प्रतिसाद
गणित होतंय, फक्त ते दाखवलं जात नाही. कन्सोलवर नुसतं एक्स लिहून एंटर दाबलं की आर आपणहून प्रिंट(एक्स) करतो, पण ही सोय फक्त सर्वांत वरच्या पातळीवर आहे. लूपच्या आत मीन() म्हणजे सरासरी निघते आणि तिथेच टाकून दिली जाते. म्हणून प्रिंट(मीन(...)) असं स्पष्ट लिहा.

आलेखाचंही तेच. जीजीप्लॉट एक ऑब्जेक्ट बनवतो, तो प्रिंट झाला तरच चित्र उमटतं. पी मध्ये साठवा आणि लूपमध्येच प्रिंट(पी) द्या. साधं प्लॉट() मात्र थेट चित्र काढतं, लूपमध्येही चालतं. गोंधळ बहुतेकांचा इथेच होतो.

आर स्टुडिओचं सोर्स बटणही असंच फसवतं. त्याने फाइल चालवली तर लूपबाहेरच्या नुसत्या एक्सचंही काही दिसत नाही. कंट्रोल-शिफ्ट-एंटर दाबा, म्हणजे सोर्स विथ एको होईल, प्रत्येक ओळ आणि तिचं आउटपुट दिसेल. तीच फाइल आरस्क्रिप्टने (आर स्टुडिओ न उघडता फाइल चालवणारी आज्ञा) चालवली तर वरच्या पातळीवरचं आउटपुट येतं, लूपमधलं तरीही नाही.

प्रश्नकर्ता
प्रिंटने काम झालं, आभार! नाव आणि आकडा एका ओळीत हवा म्हणून कॅट() लावलं, तर सातारा, पुणे यांच्या जागी २ आणि १ आले. सगळं एकाच ओळीत चिकटलं. शिवाय १२३४५६७.८९१ ही बेरीज १२३४५६८ दिसते.

प्रतिसाद
तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

फॅक्टरच्या आत लेबल (नाव) नसून लेव्हलचा (गटाचा) क्रमांक साठवलेला असतो. कॅट तोच क्रमांक छापतं. आधी अ‍ॅज.कॅरेक्टर() ने त्याचा मजकूर करून घ्या.

कॅट नवी ओळ स्वतः टाकत नाही. शेवटी अवतरणचिन्हांत उलटी तिरकी रेघ आणि एन द्यावंच लागतं, नाहीतर कन्सोलचा प्रॉम्प्टसुद्धा तुमच्या आकड्याला चिकटतो. प्रिंट ओळ तोडतं, पण सुरुवातीला चौकटी कंसातला १ आणि मजकुराभोवती अवतरणचिन्हं आणतं. माझ्या मते वाचायच्या ओळीसाठी कॅट आणि डेटा फ्रेमसाठी प्रिंट. कॅटला डेटा फ्रेम दिली तर ते एरर देतं.

बेरीज बिघडलेली नाही. डिजिट्स या ऑप्शनची मूळ किंमत ७ असते आणि ती एकूण सार्थ अंकांची आहे, दशांश स्थळांची नव्हे. सात अंक पूर्णांकातच संपले, दशांशाला जागा उरली नाही. एसप्रिंटएफ() (ठरवलेल्या साच्यात मजकूर बनवणारं फंक्शन) मध्ये टक्का-टिंब-२-एफ लिहा, १२३४५६७.८९ मिळेल. राउंड(एक्स, २) ने हे साधत नाही, कारण त्यानंतरही छपाई सातच अंकांची होते आणि २.५० तर २.५ दिसतो. एसप्रिंटएफही फक्त मजकूर तयार करतं, त्यामुळे लूपमध्ये त्याला कॅटमध्ये गुंडाळा.

फॉरमॅट() मधला बिग.मार्क स्वल्पविराम देतो, पण तीन-तीन अंकांवर : १,२३४,५६७. लाख-कोटीची १२,३४,५६७ अशी मांडणी हवी असेल तर छोटं फंक्शन लिहावं लागेल.

प्रश्नकर्ता
झालं! एक शेवटचं. हीच फाइल दुसऱ्या जुन्या मशीनवर पुणेऐवजी <यू+०९२ए> असं काहीतरी दाखवते.

प्रतिसाद
तिथला आर ४.२.० च्या आधीचा असणार. २०२२ मध्ये आलेल्या ४.२.० पासून विंडोजवरही यूटीएफ-८ हेच मूळ एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत, हिच्यात मराठीही बसते) झालं, मात्र विंडोज १० ची १९०३ किंवा त्यानंतरची आवृत्ती लागते. आर.व्हर्जन.स्ट्रिंग लिहून आवृत्ती बघा आणि आर अद्ययावत करा. अक्षरं डेटामध्ये शाबूत असतात, फक्त छापताना अशी दिसतात, म्हणून नावं पुन्हा टाइप करत बसू नका.

आणि मराठी नावांचे कॉलम सरळ रेषेत आणायला एसप्रिंटएफची रुंदी वापरू नका. ते काना-मात्रा स्वतंत्र अक्षर म्हणून मोजतं, की मध्ये दोन धरतं, आणि रेषा वाकडी होते. फॉरमॅट() दिसणारी रुंदी मोजतं, त्याने बरंच नीट बसतं.